ऊन, त्वचा आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे

वैशाख लागला की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत दुपारची वर्दळ ओसरते. या उन्हापासून त्वचेचे रक्षण व्हावे म्हणून सनस्क्रीनची नळी आता घरोघरी दिसू लागली आहे. ती घेणाऱ्याने आणि ती विकणाऱ्या व्यापाऱ्यानेही वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

काही सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन हे रसायन असते. यादीत ते 'बेन्झोफिनोन-3' या नावानेही आढळते. ते सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते, परंतु केवळ त्वचेवर थांबत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी 2019 मध्ये 24 निरोगी व्यक्तींना चार दिवस, दिवसातून चार वेळा, शरीराच्या 75 टक्के भागावर सनस्क्रीन लावले. ज्यांच्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन होते, त्यांच्या रक्तात ते स्पष्टपणे आढळले.

येथे जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहणे इष्ट. रक्तात पोहोचणे म्हणजे अपाय होणे नव्हे. सनस्क्रीन सोडून द्या, असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. तथापि, प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिले असता हे रसायन स्त्री-संप्रेरकासारखे वागते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून युरोपीय संघाने 2022 मध्ये सर्वांगाला लावायच्या सनस्क्रीनमधील त्याचे प्रमाण 2.2 टक्क्यांवर, तर चेहऱ्याच्या मलमात 6 टक्क्यांवर मर्यादित केले. प्रयोगशाळेत प्रवाळांच्या पिलांवरही त्याचा घातक परिणाम दिसला. हवाई बेटांवर 1 जानेवारी 2021 पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीस बंदी आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. सुटीत तेथे पाण्यात उतरणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे. जीवदयेचा विचार तेथेही लागू पडतो.

पर्याय उपलब्ध आहेत. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे रक्तात जवळजवळ उतरत नाहीत. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीनऐवजी सावलीतच ठेवावे. उपरणे, पदर, छत्री आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा यांना तर घटकांची यादीच नसते.

उन्हाची हानी सिद्ध आहे. रसायनाविषयीची शंका अद्याप शंकाच आहे. म्हणून संरक्षण सोडू नये, साधन निवडून घ्यावे. गिऱ्हाइकाने "यात काय आहे?" असे विचारले, तर गल्ल्यावरील व्यापाऱ्याला केवळ किंमत नव्हे, उत्तरही देता आले पाहिजे.