वीस वर्षांनी पुन्हा बाईक घेताय? मग सीसी नंतर बघा, आधी वजन बघा

कॉलेजला असताना दारात आरएक्स हंड्रेड होती, नाहीतर येझदी, नाहीतर वडिलांची हिरो होंडा. मग नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली आणि कार आली. बाईक काही दिवस पार्किंगमध्ये धूळ खात पडली आणि एक दिवस कुणीतरी घेऊन गेलं. आता पोरं मोठी झालीत, घराचे हप्ते संपत आलेत आणि रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईलवर बुलेटचे रिव्ह्यू बघायचा नाद लागलाय.

हे वर्णन तुमचं असेल, किंवा तुमच्या बाबांचं असेल, तर पुढचं वाचा. कारण अशा लोकांना शोरूमकडे ढकलणारी एक मोठी गोष्ट 22 सप्टेंबर 2025 ला घडली. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. 350 च्या वरच्या गाड्यांवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 3 टक्के सेस असे 31 टक्के लागायचे, तिथे आता सरळ 40 टक्के लागतात.

हिशोब करून बघा. कराआधी दीड लाखाची गाडी पूर्वी 1 लाख 92 हजारांना पडायची, ती 1 लाख 77 हजारांना पडू लागली. कराआधी दोन लाखांची, पण 350 च्या वरची गाडी 2 लाख 62 हजारांवरून 2 लाख 80 हजारांवर गेली. रोड टॅक्स आणि इन्शुरन्स त्यावर वेगळे.

इन्शुरन्समध्येही हीच रेघ आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 2022 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे 150 ते 350 सीसीच्या गाडीला त्याचे 7,365 रुपये पडतात आणि 350 च्या वर गेलात की थेट 15,117.

रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक, बुलेट, हंटर आणि मीटिअर या चारही गाड्यांचं इंजिन 349 सीसीचं आहे. म्हणजे रेघेच्या एक सीसी अलीकडे. त्यामुळे कट्ट्यावर सध्या एकच सल्ला मिळतो, ‘साडेतीनशे घे, स्वस्त झालीय.’

सल्ला खिशाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण साडेतीनशे हा आकडा कर खात्याने त्यांच्या सोयीसाठी ठरवलाय. वीस वर्षं हँडल न धरलेल्या माणसाला ती गाडी झेपेल का, याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

एक उदाहरण घ्या. क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे आणि ताकद साधारण 20 हॉर्सपॉवर. ट्रायम्फची स्पीड 400 पहिल्यांदा आली तेव्हा 398 सीसीची होती, म्हणून त्या इंजिनची गाडी 40 टक्क्यांच्या खान्यात बसते. वजनाला मात्र ती 180 च्या आत, आणि ताकद 40 हॉर्सपॉवर. म्हणजे करात महाग असलेली गाडी ढकलायला सोपी आणि पळवायला दुप्पट जोरदार. यातली कुठली तुम्हाला सोपी जाईल हे सीसी बघून कसं कळणार?

आपला कायदाही इथे मदतीला येत नाही. युरोपात मोटरसायकलचं लायसन्स पायऱ्यापायऱ्यांनी मिळतं. आधी 125 सीसी, मग 35 किलोवॅटपर्यंतच्या गाड्या आणि त्यानंतर मोठ्या. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन्स. 1996 साली एम-एटी नाहीतर राजदूतवर आठ काढून पास झालेला माणूस आज त्याच लायसन्सवर 650 सीसीची गाडी शोरूममधून थेट हायवेवर काढू शकतो. त्याला थांबवणारं कुणी असेल तर घरची मंडळी.

पाय अजून 1995 मध्येच आहे

‘एकदा शिकलेलं विसरत नाही’ हे खरंच आहे. बाईक चालवणं अंगवळणी पडलेलं असतं, पंधरा मिनिटांत परत येतं. अडचण अशी की जे परत येतं ते जुन्या गाडीचं असतं.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. आजच्या सगळ्या गाड्यांना उजव्या पायाखाली मागचा ब्रेक असतो. ज्यांनी नव्वदच्या दशकात बुलेट चालवली, ते निवांत रस्त्यावर नवी गाडी बिनचूक चालवतील. पण समोर अचानक रिक्षा वळली की डोकं बाजूला राहतं आणि पाय जुन्या जागी जातो. येझदीवाल्यांची वेगळी तऱ्हा, कारण तिथे किक आणि गिअरचा दांडा एकच होता. काही गाड्यांचे सगळे गिअर एकाच दिशेला पडायचे, आता बहुतेक गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर.

ब्रेकचंही तसंच. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील’ हा सल्ला आपल्या पिढीतल्या प्रत्येकाने काका-मामाकडून ऐकलाय. ड्रम ब्रेक, गुळगुळीत टायर आणि वाळू पसरलेले रस्ते होते तेव्हा तो अगदीच चुकीचा नव्हता. पण ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं. त्याला सिंगल चॅनेल म्हणतात. जो माणूस सवयीने मागचाच ब्रेक हाणतो, त्याच्यासाठी ते एबीएस असून नसल्यासारखं. म्हणून परतणाऱ्याने पैसे कुठे वाढवायचेच असतील तर ते ड्युअल चॅनेल एबीएसवर वाढवावेत. क्रोम, अलार्म आणि जास्तीचे दिवे नंतर.

आणि आपण स्वतःही बदललोय. ताशी 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. ब्रेकवर हात जायला पूर्वीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे दोन छोट्या कार. त्यात चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर मीटरकडे बघून पुन्हा रस्त्याकडे बघताना नजर बसायला क्षणभर लागतो. शुगर असेल तर तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते, आणि गिअर आणि ब्रेक तिथेच आहेत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे विचारून घ्या, विचारण्यात लाज काही नाही.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले 50 हजारांवर.

मग वजन किती असावं?

बाईक पडते ती बहुतेकदा ताशी 80 ने जाताना नव्हे. ती पडते सोसायटीच्या उतारावर वळवताना, पेट्रोल पंपावर पाय ठेवला तिथे ऑईल असताना, किंवा सिग्नलला बायको मागे बसत असताना. त्या वेळी गाडी हळू असते किंवा उभीच असते, इंजिनची ताकद काही कामाची नसते आणि सगळा भार एका पायावर आणि कमरेवर येतो.

आरएक्स हंड्रेड शंभर किलोच्या आसपास होती. आजची स्प्लेंडर प्लस 112 किलो आहे. पल्सर 150 दीडशेच्या जवळ, हंटर 181, क्लासिक 195, इंटरसेप्टर 650 ची 218 आणि सुपर मीटिअर 650 ची 241. म्हणजे ज्या माणसाने शेवटची गाडी शंभर किलोची चालवली, तो क्लासिकवर बसला की त्याच्या हाताखाली दुप्पट वजन आलेलं असतं. आणि गुडघे वीस वर्षांनी जुने.

वजनाच्या जोडीला सीटची उंची बघायची. मीटिअरची 765 मिलिमीटर आहे, हंटरची 790, क्लासिकची 805, हिमालयन 450 ची 825. सहा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला मात्र त्यातच कळतं की दोन्ही टाचा टेकणार की नुसते चवडे. रुंद सीट असेल तर पाय फाकतात आणि उंची आणखी जाणवते, त्यामुळे आकड्यावर न जाता बसूनच बघावं लागतं.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी दीडशे किलोच्या आतबाहेरची असावी. 150-160 सीसीची पल्सर, अपाचे, एफझेड, जिक्सर यांपैकी काहीही. शक्य असेल तर सेकंडहँड. सहा-आठ महिने ती रोज वापरा, पावसाळा काढा, ओरखडे तिच्यावर पडू द्या आणि मग विका. जुनी गाडी चांगली सांभाळली असेल तर विकताना फारसं नुकसान होत नाही. तोवर तुम्हाला कळलेलं असतं की आपल्याला खरंच बुलेट हवीय की नुसता तिचा आवाज. बऱ्याच जणांना दुसरं हवं असतं, आणि त्यातही काही चूक नाही.

सेकंडहँड घेताना टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. 2319 असं असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शिल्लक दिसली तरी इतका जुना रबर कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर दगा देतो. तो बदलायचा खर्च किमतीतून आधीच कापून घ्या.

जायचंय कुठे?

‘लाँग टूरला जाणार, म्हणून मोठी गाडी हवी’ हे ठरलेलं वाक्य. आता महाराष्ट्राचा नकाशा बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर बंदी. अटल सेतूवर बंदी. मुंबईच्या कोस्टल रोडवरही बंदी. ज्या रस्त्यांवर 650 सीसीची गाडी मोकळी सोडता आली असती, त्यांतले बरेच बाईकला बंदच आहेत. उरले ते जुने हायवे, ताम्हिणी आणि वरंधासारखे घाट आणि कोकणातले अरुंद रस्ते. तिथे एसटी समोरून येते, वळणावर खडी असते, पावसात शेवाळ असतं. अशा रस्त्यावर हलकी आणि पटकन थांबणारी गाडीच आनंद देते. ताम्हिणीत पंक्चर झालं तर ट्यूबलेस टायर असलेला माणूस हवा भरत भरत गावापर्यंत पोचतो. तारांची चाकं दिसतात छान, पण त्यांत बहुधा ट्यूब असते.

मागे कुणी बसणार असेल तर तेही आत्ताच ठरवा आणि त्या व्यक्तीला शोरूममध्ये सोबत न्या. मागची सीट चिंचोळी असली, धरायला काही नसलं, तर दुसऱ्या ट्रिपला तुम्ही एकटेच असाल.

काही जणांना नवी गाडी नकोच असते, जुनीच हवी असते. आरएक्स हंड्रेड 1996 ला बंद झाली, त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखानाही थांबला. जावा 2018 मध्ये आणि येझदी 2022 मध्ये नव्या रूपात परत आल्या, पण त्या नावाच्याच जुन्या. आत आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिन आहे. मूळची गाडी घेऊन नीट करायची हौस असेल तर जरूर करा, फक्त ती दुसरी गाडी म्हणून. ड्रम ब्रेकवर आजच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा शिकायला नको. शिवाय 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हे सगळं आलं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या वाहनांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय.

आधी लायसन्स काढून बघा

कपाटातलं लायसन्स बाहेर काढा आणि मुदत बघा. संपून एक वर्ष उलटलं असेल तर नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. कारसाठी रिन्यू केलं असेल तरी गिअरच्या मोटरसायकलचा वर्ग त्यावर आहे ना, हे तपासा. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर त्याची नोंद आरटीओच्या ऑनलाइन यादीत आहे का तेही बघा. वैध लायसन्स नसताना अपघात झाला तर दंडाचे 5 हजार ही सगळ्यात लहान अडचण असते, विम्याचा दावाच अडकतो. माळ्यावरचं जुनं हेल्मेट खाली काढू नका. आतला थर्माकोल वर्षानुवर्षांत कडक होतो. आयएसआय मार्कचं नवं घ्या, मागे बसणाऱ्यासाठीही.

मग एखाद्या रविवारी शोरूमला जा. लगेच स्टार्ट करू नका. गाडी स्टँडवरून काढा आणि इंजिन बंद ठेवून दहा पावलं मागे ढकला. थोडा चढ असेल तर तिथेही ढकला. नंतर टेस्ट राईडला समोरच्या मोकळ्या रस्त्यावर पळवण्याऐवजी शेजारच्या गल्लीत पाय न टेकता दोन्ही बाजूंना यू-टर्न मारून बघा. सेल्समन तोवर फायनान्सचा कागद पुढे करेल. यू-टर्नला पाय टेकला असेल तर कागद तिथेच ठेवा आणि शेजारची हलकी गाडी मागा.