धबधबा पाहा, शिलालेखही वाचा

मित्रांनो, धबधबा पाहायला कोकणातच जायला हवे का? होटगीहून सोलापूरमार्गे नळदुर्गला जा. तेथील किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली, की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात.

पाणीमहालात फारसी शिलालेखही आहे. त्याची लिपी तुमच्या ओळखीची आहे. ती अक्षरे लावून पाहा. सोबतच्या मराठी शाळेतील मित्रालाही समजावून सांगा. काही जण मात्र जुन्या भिंतींवर स्वतःचे नाव कोरतात. तसे करू नका. सुमारे चारशे वर्षे टिकलेली ही वास्तू आपल्या हातून खराब होऊ नये, असे मला वाटते.