तगरचे कापड आणि आमच्या वह्या

श्रीतुळजाभवानीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंपैकी, किंबहुना खुद्द तुळजापूरच्या पेठेतील व्यापाऱ्यांपैकी, किती जणांस ठाऊक असेल की आपल्याच जिल्ह्यातील एका बाजारपेठेची नोंद सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत झाली आहे? ती पेठ म्हणजे तेरणाकाठचे तेर. गोरोबाकाकांचे गाव म्हणून त्यास सारा महाराष्ट्र वंदन करतो. परंतु ग्रीकांचे ‘तगर’ ते हेच, असे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली सप्रमाण मांडले, हे फार थोड्यांस माहीत आहे.

ही नोंद ‘पेरिप्लस’ नामक ग्रंथात आहे. त्याचा अनामिक कर्ता ईसवी सनाच्या पहिल्या शतकातील असून, तो राजाचा भाट नव्हे, तर मालाची पारख असलेला व्यवहारी गृहस्थ दिसतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तगरचे पुष्कळसे साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून बिकट मार्गाने भडोच बंदरी जाते, असे तो सांगतो. त्या बंदरात परदेशचे मद्य, तांबे, कथील, शिसे व पोवळी उतरत. सोन्यारुप्याची नाणी बदलून नफा होई, हेही तो नमूद करण्यास विसरत नाही. तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य पाहिले, म्हणजे हा केवळ कागदावरचा संबंध नव्हता, अशी खात्री पटते.

हे यवन केवळ नफा घेऊन निघून गेले असेही नाही. कार्ले येथील चैत्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. नाशिकचे एक लेणे इंद्राग्निदत्त नामक यवनाने खोदविले. परक्याचे दान आमच्या पूर्वजांनी नाकारले नाही, की त्याचे नाव लपविले नाही. परक्याच्या स्पर्शाने धर्म बुडतो असे म्हणणाऱ्यांनी हे खांब एकदा वाचावेत.

परंतु आमचा खरा प्रश्न निराळाच आहे. ज्यास आपण इतिहास म्हणतो त्यास ग्रीकांनी ‘हिस्टोरिया’, म्हणजे शोध किंवा चौकशी, असे नाव दिले. एका परक्याने चौकशी करून आमच्या गाड्यांची वाट लिहून ठेविली, आणि आम्ही? वाडवडिलांचे मोडी रोजमेळ व खतावण्या रद्दीच्या भावाने विकतो, पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी खणून नेतो आणि तीत निघालेली नाणी मुशीत घालतो!

कोणी म्हणेल, धंदा सोडून या उठाठेवी कोणी कराव्यात? त्यास आमचे उत्तर असे की, तेर येथीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जिव्हाळ्याने जमविल्या, म्हणूनच त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे. एका गृहस्थास जे साधले, ते साऱ्या पेठेस का साधू नये? शिवाय कायदाही मुका नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ च्या कायद्याने ठरविले. पुराणवस्तू परदेशी विकण्यास १९७२ च्या कायद्याने आळा घातला. परंतु घरच्या मालकास वस्तूची किंमत कळली नाही, तर नुसता कायदा काय करणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जुन्या दुकानाने आपल्या वह्या वाळवीपासून राखाव्यात व मोडी जाणणाऱ्याकडून त्यांची यादी करवून घ्यावी. शिक्षकांनी मुलांस तेर दाखवावे, आणि मुलींस वगळू नये. कारण तगरचे सूत कातणारे हात बायकांचे नव्हते, असे कोण म्हणेल? आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत शोधण्याची पाळी येणे व्यापाऱ्यास शोभत नाही. समाजास तर मुळीच शोभत नाही.