ज्याच्या घराला माळा, त्याचं रेट्रो

दोस्तहो, पहिलं कबूल करून टाकतो. मी त्या पार्टीला गेलो होतो. जेवलो. नाचलोही. दुसऱ्याला शिव्या घालणाऱ्यानं आधी आपलं खरकटं ताट दाखवावं, म्हणून सांगतोय.

नागपुरात मी जिथं नोकरी करतो तिथल्या एकाच्या फ्लॅटवर पार्टी होती. फोनवर आमंत्रण आलं. थीम : सेव्हंटीज. त्या काळातले कपडे घालून या, बेस्ट ड्रेसला बक्षीस. पूर्वी हे लोक सत्यनारायणाला बोलवायचे, आता थीमला बोलावतात. प्रसाद तेवढा बदलला.

मी भिवापूरला मायला फोन लावला. म्हटलं, बाबाची एखादी जुनी पँट आहे का पेटीत, त्या काळातली, खाली रुंद असते तशी?

माय म्हणाली, ‘काहून रे? नाटकात काम भेटलं का तुले?’

मी म्हटलं, नाही, पार्टी आहे. जुन्या काळाची.

तिला हसू आवरेना. ‘तुया बापाची बेलबॉटम? अरे बाप्पा, लग्नात जे पँट घातली होती ते बी त्याची नव्हती. उमरेडच्या मामाची होती. दुसऱ्या दिवशी धुतली अन् वापस केली.’

तिनं फोन ठेवला. माझ्या डोक्यात मात्र ती परत केलेली पँट लटकत राहिली.

मग मी जीन्सवरच गेलो. फ्लॅट असा सजवला होता की बघत राहावं. भिंतीवर तबकड्या टांगलेल्या. कोपऱ्यात मर्फी रेडिओ. टीपॉयवर बोटानं चकती फिरवायचा काळा टेलिफोन. यजमानीणबाईंच्या अंगावर आजेसासूबाईंची बनारसी. यजमानाच्या मनगटावर वडिलांचं एचएमटी घड्याळ. आणि दोस्तहो, ह्यातलं काहीच विकत आणलेलं नव्हतं. सगळं घरचं. ‘माळ्यावर पडलं होतं, काढलं,’ यजमान म्हणाला. अगदी सहज म्हणाला. त्याच्या त्या सहजपणातच सगळी गोम आहे.

रेट्रो करायला माळा लागतो. दोन पिढ्या एका जागी टिकलेलं घर लागतं. पक्कं छत लागतं, वस्तू जुनी झाली तरी मोडीत न विकण्याची ऐपत लागते. आमच्या घराला माळा कधीच नव्हता. कुडाच्या भिंती, वर कवेलू. दर पावसाळ्यात एक कोपरा गळायचा आणि कोपऱ्यातलं जे असेल ते जायचं. फोटो वाळवीनं खाल्ले. भांडं फुटलं की मोडीत. लुगडं फाटलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं, पोतेरं फाटलं की चुलीत. आमच्या घरातली कुठलीच वस्तू ‘जुनी’ होण्याइतकी जगली नाही. वापरता वापरता संपली. मग माळ्यावर चढवणार काय, आणि पन्नास वर्षांनी काढणार काय?

म्हणून ज्याच्या घराला माळा, त्याचंच दशक.

आता त्या पार्टीतलं दशक ऐका. भिंतीवर ‘शोले’. ठीक, १९७५. त्याच्या शेजारी ‘डिस्को डान्सर’! तो १९८२चा. टेबलावर कोका-कोला. ती कंपनी १९७७ साली देश सोडून गेली होती आणि १९९३ साली परत आली. पण तपशिलाची कुणाला पडलीय? आपल्या गोड आठवणींचा हिशेब कुणी तपासत नाही. तपासला जातो तो आपल्या दुःखाचा. आपण काही सांगायला गेलो की लगेच विचारतात : पुरावा काय? तारीख काय? फोटो आहे का?

बेस्ट ड्रेसचं बक्षीस कुणाला मिळालं? एक जण सिनेमातला ‘रामूकाका’ बनून आला होता. आखूड धोतर, बंडी, खांद्यावर पंचा, हातात ट्रे. रात्रभर वाकून वाकून ‘जी मालिक’ करत फिरत होता. लोक पोट धरून हसत होते. टाळ्यांच्या कडकडाटात बक्षीस त्याला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

हे मला जास्त झोंबतंय. माझ्या तोंडावर एक वाक्य आलं होतं. म्हणणार होतो, मीसुद्धा वेश करून आलोय, सत्तर सालचा गावकुसाबाहेरचा माणूस म्हणून आलोय. माझी कपबशी वेगळी ठेवलीय का? आलं होतं, पण गिळलं. चिकन चांगलं होतं. बॉस हजर होता. गाणं लागलं आणि मी नाचलो.

बारा वाजता खोलीवर आलो आणि न बोललेलं ते वाक्य घेऊन पहाटेपर्यंत जागा राहिलो. मग ह्या लोकांचं सत्तरचं दशक बाजूला ठेवलं आणि आपलं मांडायला बसलो.

१९७२ : दुष्काळ. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर, त्याच वर्षी ‘गोलपिठा’, त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या पंचविशीला काळा स्वातंत्र्यदिन. जानेवारी १९७४ : वरळी. १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव गेला. १९७४ : आपल्याच विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या धाकलीत, गवई बंधूंचे डोळे काढले. २७ जुलै १९७८ : मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं मंजूर केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. ११ नोव्हेंबर १९७९ : दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, औरंगाबादच्या दिशेनं, पायी. खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांच्या काठ्या. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एका ठरावाला साडेपंधरा वर्षं!

ह्या दशकाला कसला पोशाख घालणार? धाकलीचा वेश कसा करायचा? सांगा.

गावाला जसं गावकूस असतं तसं दशकालाही असतं. आत गाणी, घड्याळं, बनारसी. बाहेर आपण. आणि पन्नास वर्षांनी आतले लोक दिवे लावून म्हणतात, काय सुंदर काळ होता!

आमच्या भिवापूरचंच घ्या. नागपूर–नागभीड ही छोटी गाडी आमच्या गावावरून जायची. २०१९ साली ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली तेव्हा शहरातल्या लोकांना उमाळे आले. काय तो डुगडुगता डबा, काय ते जंगल, काय ती निवांत गती! माय त्याच गाडीनं दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची. लेकरू काखेत, भाकरीचं गाठोडं डोक्यावर, गर्दीत तासन् तास उभी. तिला त्या गाडीची निवांत गती कधी दिसली नाही. तिला दिसायची ती गर्दी, आणि त्या गर्दीत पहिल्यांदाच ताठ झालेली आपली मान. आठवण तिचीही आहे. पण त्यांच्या आठवणीत ती नाही.

तसंच मिरचीचं. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे. पाकिटावर छापतात, कौतुक करतात. करावं. मिरची आहेच तशी. पण सातऱ्यावर बसून त्या मिरचीचे देठ कुणी खुडले? मायनं. आजीनं. रात्री हातांची आग होऊन झोप येत नसे तेव्हा ताकात हात बुडवून बसायच्या. ह्या हातांना कुठलं मानांकन?

तर मी ठरवलं, पार्टी आपणही द्यायची. घरी. भिवापूरलाच. थीम तीच, दशक तेच, पण आपलं. नागपूरच्या चळवळीतल्या आठ दोस्तांना निरोप धाडले : कपडे आपलेच घालून या. घरातली त्या काळातली एक वस्तू घेऊन या. जेवण त्या काळातलंच मिळेल.

जेवणापासूनच गाडी घसरली. मी मायला म्हटलं, कण्या कर, आंबील कर, मिलो मिळत नाही पण ज्वारीची जाड भाकर कर, सोबत नुसती मिरची.

माय चुलीजवळून उठली. म्हणाली, ‘पाहुण्याले कण्या घालू मी? माया घरी? पोटात आग पडे तवा खाल्ल्या कण्या. तुमच्या खेळासाठी नाही खाल्ल्या. गरिबीचा खेळ नको करू माया दारात.’

आणि तिनं कोंबडी कापली. भिवापुरी मिरचीचा लालभडक रस्सा केला, भात केला, पोळ्या केल्या.

दोस्तहो, मी तिथंच उघडा पडलो. त्या फ्लॅटवाल्यानं रामूकाकाला बक्षीस दिलं आणि मी मायच्या उपासमारीचं मेन्यूकार्ड करत होतो. फरक काय?

आठ जण आले. पाच जण रिकाम्या हातानं. त्यांच्याही घराला माळा नव्हता. एकानं आज्याचा मिलमधला पितळी बिल्ला आणला. एकानं फाटकं रेशनकार्ड, त्यावर आजीच्या नावापुढं अंगठा. आणि एक जण छाती पुढं काढून आला : टी-शर्टावर डरकाळी फोडणारा पँथर, खाली १९७२. मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवलेला.

कुणी हसलं नाही. कारण तसलाच टी-शर्ट आपल्या सगळ्यांकडं आहे.

आता खरं बोलायची वेळ आलीय. आपणही रेट्रो पार्टीच करतोय. २०२२ साली पँथरला पन्नास वर्षं झाली तेव्हा आपण बॅनर किती लावले आणि वाचलं किती? स्टेटसवर डरकाळी, भाषणाची सुरुवात ‘बहात्तर साली’ पासून, आणि वस्तीतल्या पोराला शाळेतून काढलं तर त्याच्या दारी जायला वेळ नाही. पाच वर्षांत ती संघटना भांडून फुटली, १९७७ साली काहींनी बरखास्तीही जाहीर केली. ती का फुटली, हे कुणी टी-शर्टावर छापत नाही. विचारतही नाही. कारण विचारलं की आजच्या आपल्या भांडणांची लाज वाटेल. त्यांनी बेलबॉटम घातली, आपण पँथर घातला. दोघांनीही काळ अंगावर घातला आणि मोकळे झाले.

रेट्रो म्हणजे काय? जे संपलं, ज्याची आता भीती नाही, ते. म्हणून त्याच्याशी खेळता येतं. आपलं काय संपलंय? १९५५ सालीच अस्पृश्यता पाळणं कायद्यानं गुन्हा ठरलं. १९८९ साली अत्याचाराविरुद्ध कायदा आला. त्यानंतर २००६ साली शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झाली. त्यानंतर २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला एका शाळकरी पोराला मारून टाकलं. डोक्यावरून मैला वाहायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला, आणि माणसं अजून गटारात मरतात. जे चालूच आहे त्याचं रेट्रो होत नसतं.

मग करायचं काय? पार्टी करायचीच नाही? करायची! खायचं, नाचायचं, गायचं. आनंदाचा मक्ता काही त्यांच्याकडं दिलेला नाही. पण त्या रात्री आमच्या अंगणात जे झालं ते ऐका.

जेवणं झाली. माय येऊन पायरीवर बसली. रेशनकार्डवरचा अंगठा बघितला आणि आपणहून बोलायला लागली. ‘हॉटेलाच्या बाहेर खिळ्याले आमच्या कपबश्या टांगून राहत. चहा वरून ओतत. पिऊन झालं का आपणच धुवाच्या, आपणच टांगाच्या. तुया बापानं एक दिवस ते कपबशी धुतलीच नाही. फोडली. तिथंच, रस्त्यावर.’

मी चाळीस वर्षांचा. बाप जाऊन अकरा वर्षं झाली. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारलीच नव्हती. मी तिला फोन करून विचारलं काय, तर पँट आहे का!

‘मंग?’ टी-शर्टवाल्यानं विचारलं.

‘मंग काय? मारलं त्याले. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या पोट्ट्यांनी तिथं चहा पिणं सोडलं. सहा महिन्यांनी मालकानं आपल्या हातानं खिळे काढले.’

कुठल्या साली? कुणाकुणाला मार पडला? त्यातले कोण जिवंत आहेत? मायनं पाच नावं सांगितली. तिघं गेलेले. एक उमरेडला लेकीकडं, अंथरुणाला खिळलेला. पाचवा आमच्याच मोहल्ल्यात, चार घरं सोडून. आम्ही त्याच रात्री त्याच्या दारात जाऊन बसलो. त्यानं साल सांगितलं. मायचं साल चुकलं होतं. दोघं वाद घालत बसले आणि आम्ही लिहीत बसलो.

दोस्तहो, आपल्याला माळा नाही असं मी म्हटलं. चुकलो. आपला माळा ह्या म्हाताऱ्या डोक्यांत आहे. आणि तो दरवर्षी एकेका घरातून कोसळतोय, आपण स्टेटस बदलत असताना.

पुढच्या महिन्यात पार्टी तुमच्या घरी. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना आधी बोलवा. कोंबडी चांगली करा. कण्या नकोत. वही आणा, पेन आणा, नाव-साल-जागा तिन्ही लिहा, आणि दोन जणांचं जुळेस्तोवर उठू नका. उद्या कुणी पुरावा मागितला तर टी-शर्ट दाखवायची पाळी येऊ नये.

उमरेडच्या त्या अंथरुणावरच्या माणसाकडं मी रविवारी जातोय. ज्याला यायचं त्यानं शनिवारी कळवावं. उशीर करू नका.

जयभीम.