चारचौघांत विचारलेलं बरं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या माणसाने घरातल्या बिघाडावर मोबाइलवरून सल्ला मागावा, हे अनेक जाणत्या मंडळींना पटत नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पहिल्या गल्लीपासून चौदाव्या गल्लीपर्यंत फिरून या, जनता बझारपासून टाकाळ्यापर्यंत जा. कॉम्प्युटरचं दुकान आहे, मोबाइल दुरुस्त करणारा आहे, मिक्सर-गिझरवाला आहे, प्लंबर आहे. शिवाजी उद्यमनगर तर हाकेच्या अंतरावर. मग ज्याने तुमचं यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ज्याचं नावगाव तुम्हाला ठाऊक नाही, अशा माणसाला विचारण्यात कसलं शहाणपण? यात आळस आहे, भोळेपणा आहे आणि गावच्या कारागिराच्या पोटावर पाय आहे, असा हा तिहेरी आरोप.

मला तो मान्य नाही. पण त्यात एक भाग खरा आहे आणि तो आधीच कबूल केला पाहिजे. ऑनलाइन सल्ल्यांमध्ये जीवघेणे सल्ले असतात. संडास चकाचक करायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करा, असं सांगणारे आहेत; त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. मायक्रोवेव्ह घरी उघडायला सांगणारे आहेत. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव घेईल इतका विजेचा साठा राहू शकतो. गॅसचा वास आला तर प्रश्न लिहीत बसायचंच नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. याबद्दल माझा कुणाशीच वाद नाही.

वाद पुढे आहे. वाईट सल्ला ऑनलाइनच मिळतो आणि दारात उभा असलेला माणूस मात्र बरोबरच सांगतो, हे गृहीतक कुठून आलं?

एका अपार्टमेंटमधल्या वहिनींचा प्रश्न मी पाहिलेला आहे. गिझर लावला की थोड्या वेळाने अख्ख्या घराची लाईट जायची. वायरमन आला, बोर्ड उघडून म्हणाला, ‘काय न्हाई वहिनी, हा खटका वीक झालाय. काढून डायरेक्ट देतो, परत लाईट जायची नाही.’ वहिनींनी त्याला थांबवलं आणि तोच प्रश्न मराठीत, सगळ्यांना दिसेल असा लिहिला. पहिलं उत्तर आलं ते वायरमनसारखंच: खटका वीक झालाय, काढून टाका. दुसऱ्याने विचारलं, पडतो तो खटका कुठला? फोटो टाका. फोटोत खटक्यावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं छोटं बटण दिसत होतं. म्हणजे ती साधी एमसीबी नव्हती, आरसीसीबी होती. एमसीबी पडते ती जास्त करंट ओढला गेला म्हणून. आरसीसीबी पडते ती करंट भलतीकडे गळतोय म्हणून. घरगुती आरसीसीबी बहुतेक ३० मिलिॲम्पिअरची असते आणि तेवढी गळती तिला पुरते. तिसऱ्याने सांगितलं, गिझरचा प्लग काढून बाकी सगळं चालू ठेवा आणि दिवसभर बघा. आरसीसीबी पडली नाही. गिझरच्या एलिमेंटचं आवरण फुटलं होतं आणि करंट पाण्यात उतरत होता. खटका आपलं काम चोख करत होता. तो काढून डायरेक्ट जोडणी दिली असती तर त्या घरातली माणसं ओल्या अंगाने त्या नळाला हात लावत राहिली असती.

या प्रसंगातली एक गोष्ट नीट पाहावी. पहिलं ऑनलाइन उत्तरही चुकीचंच होतं. पण ते चारचौघांत लिहिलेलं होतं, म्हणून खोडता आलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वायरमनने जे सांगितलं, ते खोडायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. सांगणारा ओळखीचा की अनोळखी, यावर सल्ल्याची किंमत ठरत नाही. चुकलेल्याला ‘चुकलास’ म्हणणारं कुणी जवळ आहे का, यावर ठरते. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे.

आणि कारागिराच्या पोटावर पाय? एलिमेंट बदलायला वायरमनच आला. काम त्यालाच मिळालं, पैसेही त्यालाच मिळाले. फरक इतकाच झाला की कुठलं काम करायचं हे वहिनींना आधी ठाऊक होतं. ‘बोर्ड गेलाय’, ‘कॉम्प्रेसर गेलाय’, ‘फॉरमॅट मारायला लागतंय’ ही वाक्यं कधी खरी असतात, कधी नसतात. ती पारखायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. प्रामाणिक कारागिराचं त्यात काहीही जात नाही. उलट नेमकं दुखणं सांगणारं गिऱ्हाईक त्याला हवंच असतं. कोल्हापूरला तर हे नव्याने सांगायला नको. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावंडांनी चित्रपटाचं यंत्र खोलून, समजून घेऊन स्वतःचा कॅमेरा बांधायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा चालू करून दाखवला. आतलं यंत्र कसं चालतं हे आपल्याला कळू शकतं, या विश्वासावर या गावाने नाव कमावलं. त्याच गावात ‘तुम्हाला त्यातलं काय कळतंय’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घ्यायचं नसतं.

फसवणुकीचा मुद्दा याहून गंभीर आहे. ऑनलाइन मदत शोधायला गेलेल्या माणसाचं बँकखातं रिकामं होतं, हे खरं आहे. पण ते होतं कसं? माणूस एखाद्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतो, चोराने पेरलेला नंबर त्याला सापडतो, फोनवरचा गोड आवाज एक ॲप घ्यायला सांगतो आणि त्या ॲपमधून आपला स्क्रीन पलीकडच्याच्या ताब्यात जातो. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्कसारख्या ॲपच्या या वापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेजही त्याच जातीचा. या सगळ्या फसवणुकींत एक गोष्ट समान आहे: माणसाला एकटं गाठलं जातं, घाई केली जाते आणि दुसऱ्या कुणाला विचारायची सवडच दिली जात नाही. म्हणजे हा दोष चारचौघांत विचारण्याचा नव्हेच, न विचारण्याचा आहे. तोच मेसेज उघडपणे टाकून ‘हे खरं आहे का’ असं विचारलं असतं, तर दहा जणांनी हात धरला असता. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

आणखी एक तक्रार वडीलधाऱ्यांकडून येते. पूर्वी सासूला विचारायचे, शेजारच्या काकींना विचारायचे, आता यंत्राला विचारतात; माणसं तुटली. या तक्रारीमागची माया मला कळते. पण विचारायला घरात माणूस असणं आणि त्याला विचारता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनेला सासूपुढे ‘मला येत नाही’ म्हणणं किती जड जातं, हे राजारामपुरीतल्या कुठल्याही गल्लीत कळेल. सत्तरी गाठलेल्या काकांना मुलाला पाचव्यांदा तेच विचारायचं म्हटलं की अपमान वाटतो आणि ते पेन्शनचं काम तसंच ठेवून देतात. ही अडचण मोबाइलने आणलेली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. जे घरात कुणालाच विचारता येत नव्हतं, ते लोक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. त्या उत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, उत्तरं थांबली नाहीत. तिऱ्हाईताला विचारण्याची गरज आपल्या समाजाला किती जुनी आहे, हे त्या मासिकाच्या अंकांतून दिसतं.

इथवर विरोधकांशी बोललो. आता जे माझ्याच बाजूचे आहेत, जे हौसेने ऑनलाइन विचारतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपण मराठी माणसं विचारतो, पण बंद खोलीत विचारतो. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, पाहुण्यांचा ग्रुप. उत्तर येतं, काम होतं आणि शुभ सकाळच्या फुलांखाली ते उत्तर गाडलं जातं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या इमारतीत तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. याची किंमत कोल्हापूरने दोनदा मोजली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. शाहूपुरी, कुंभार गल्ली, नागाळा पार्क या भागांत घरांत पाणी होतं आणि राजारामपुरीच्या उंचावरच्या गल्ल्यांत पैपाहुणे येऊन राहिले होते. पाणी उतरलं तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी तेच प्रश्न होते. बुडालेला फ्रीज चालू करून बघू का? नको, आधी चिखल धुवा, पूर्ण वाळवा, मग मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या. गाडीला स्टार्टर मारू का? नको, इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विमा पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही. भिजलेले सातबारे, खरेदीखतं उन्हात टाकू का? नको, सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून, ओढाताण न करता वाळवा. जाणकार होते, त्यांनी उत्तरंही दिली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर आला आणि तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले गेले, कारण २०१९ ची उत्तरं कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये होती. तो फोनही बदलला होता.

दुसरी खोड इंग्रजीची. ‘इंग्रजीत शोधलं की सगळं सापडतं’ असं म्हणतात. सगळं सापडत नाही. राजारामपुरीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फाइली असतात: सभेचे वृत्तांत, ठराव, स्मरणिका. नव्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. दुकानात सांगतात, फाइल करप्ट झाली, सोडून द्या. फाइल करप्ट झालेली नसते. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली होती. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मूळ फॉन्ट टाकला की मजकूर जसाच्या तसा परत येतो आणि योग्य कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये नेला की पुढची काळजी मिटते. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्या लागतात. अमेरिकेतल्या कुणाला हा प्रश्न पडणारच नाही, तर तो उत्तर कुठून देणार? ‘वाऱ्यावर’ मधला तो अर्धा र कळफलकावर कसा उमटवायचा, हे मराठी माणसालाच मराठी माणसाला सांगावं लागतं. हे सांगणारे लोक १९९६ मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून आहेत. परदेशात आणि पुण्या-मुंबईत बसून त्यांनी एकमेकांना मराठी लिहायला शिकवलं, आणि उघड्यावर शिकवलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून तर कुणाला विचारायचीच गरज उरली नाही, असं ऐकू येतं. मी त्याचा वापर वाईट मानत नाही. अनोळखी एरर मेसेजचा अर्थ लावायला ते उपयोगी पडतं. पण तिथे पुन्हा आपण एकटेच बसलेलो असतो. उत्तर ठामपणे येतं आणि ते खोडायला दुसरा माणूस नसतो. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने त्याच डिसेंबरात यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला मनाई केली. दिसायला ती पटण्यासारखी होती, पण त्यांतली फार जास्त चुकीची निघत होती. शिवाय हे यंत्र माणसांनी लिहून ठेवलेलंच वाचून शिकतं. मराठीत गिझर, इन्व्हर्टर, जुने फॉन्ट, पुरात भिजलेले फ्रीज यांबद्दल आपण उघड्यावर काही लिहिलंच नाही, तर ते मराठी माणसाला तरी काय सांगणार?

म्हणून प्रश्न उघड्यावर विचारावा, मराठीत विचारावा आणि पुरा विचारावा. ‘लॅपटॉप चालत नाही, उपाय सांगा’ याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. कंपनी आणि मॉडेल कुठलं, घेतला कधी, बिघाड कधी सुरू झाला, त्याआधी काय केलं होतं, स्क्रीनवर नेमकी कुठली अक्षरं येतात, काय करून पाहिलं, हे सगळं लिहावं. बँकेचा तपशील, ओटीपी, आधारचा फोटो चुकूनही टाकू नये. कुणी ‘पर्सनलवर या, सांगतो’ म्हणाला तर जाऊ नये. आणि दुरुस्ती झाल्यावर परत येऊन त्याच प्रश्नाखाली लिहावं की दोष कशात निघाला, कुठला सुटा भाग बदलला, कुठला सल्ला चुकीचा ठरला आणि बिल किती झालं. दुकानात काय सांगितलं जाईल याचा अंदाज पुढच्या माणसाला त्या बिलावरूनच येतो.