कुलूप मात्र शाबूत!

हैदराबादेत, काचीगुड्याच्या आमच्या अपार्टमेंटमधून, जिन्याखालून, माझी सायकल गेली. पुढचं चाक तेवढं राहिलं, केबल-लॉकसकट ग्रिलला इमानाने बांधलेलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, ताला तो सलामत है!"

चूक माझीच. केबल साध्या कटरने तुटते, पण चोराला तेवढेही कष्ट मी दिले नव्हते. आता जाड यू-लॉक आहे, फ्रेम आणि मागचं चाक एकत्र अडकवणारं. पण अडकवायचं कशाला? 2023 मध्ये शहराने आउटर रिंग रोडलगत सौर छपराचा 23 किलोमीटरचा सायकलमार्ग बांधला. छानच. मात्र भाजी आणायला निघालं की मी विजेचा खांब शोधत फिरते. बाजारांपुढे लोखंडी कड्या रोवायला असा किती खर्च येतो?

1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. माझी हरकत नाही, चोराने रस्ता झाडावा. पण सायकल सापडली तरी ती माझीच, हे सांगणार कसं? पॅडलच्या दांड्यांमध्ये, फ्रेमच्या पोटाखाली कोरलेला नंबर मी कधी टिपलाच नव्हता. नव्या सायकलचा टिपलाय, बिलाच्या पाठीवर.

वॉचमन हल्ली येता-जाता कुलूप ओढून बघतो.