शेवटची खुर्ची भरू द्या



डिसेंबर उजाडला, थंडी पडू लागली, की तरुण मुलांना सहलीचे वेध लागतात. एखादा रविवार ठरतो. दहा-बारा मित्र आपापल्या मोटारसायकली पुसून तयार ठेवतात. गावाबाहेरच्या एखाद्या हॉटेलात दुपारचे जेवण घ्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा बेत असतो. तुमचे भाईजान किंवा मामू अशा सहलीला गेले असतील. त्यांच्या मागे बसून तुमच्यापैकीही काहीजण गेले असतील.

असे जाणे वाईट आहे का? मुळीच नाही. थंडीतले कोवळे ऊन, मोकळा रस्ता आणि मित्रांची संगत यांचा आनंद मोठा असतो. पण माझे एक म्हणणे आहे. सहलीत सर्वांत पुढे कोण होता, याला महत्त्व नाही. सर्वांत मागचा सुखरूप पोहोचला की नाही, याला महत्त्व आहे.

एक नेहमीची वाट पाहू या. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे. वाटेत दौलताबाद लागते. सन १३२७ मध्ये सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी येथेच आणली होती. जुना रस्ता किल्ल्याच्या तटातील दरवाजातून जातो. हा दरवाजा हत्ती-घोड्यांच्या काळातला. त्यातून मोठे वाहन एका वेळी एकच जाऊ शकते. त्यामुळे तेथे गाड्या अडकतात. पुढे घाट चढून खुलताबाद आणि मग वेरूळ.

आता समजा, दहा मोटारसायकली निघाल्या आहेत. पहिल्या सहा दरवाजातून निघून गेल्या. तेवढ्यात समोरून बस आली आणि मागच्या चार दोन मिनिटे अडकल्या. पुढचे ताशी ५० किलोमीटर वेगाने चालले आहेत. दोन मिनिटांत ते दीड किलोमीटरहून अधिक पुढे गेले. त्यांना गाठायचे, तर मागच्यांना ताशी ७० किलोमीटर वेगाने पाच मिनिटे धावावे लागेल. आणि कोठे? नेमके घाटाच्या वळणांवर!

पाहा, पुढच्याने काहीच चूक केली नाही, असे त्याला वाटते. पण त्याने मागे वळून न पाहिल्यामुळे मागच्याला जीव मुठीत धरून धावावे लागते. मागे राहणारा बहुधा नवशिका असतो किंवा त्याची गाडी जुनी असते. म्हणजे ज्याने सर्वांत सावकाश जायला हवे, त्यालाच सर्वांत वेगाने जावे लागते. घोळक्याने जाण्यातला खरा धोका हा आहे.

कोणी म्हणेल, "हळू जायचे तर मजा कसली? आणि उशीर होईल, त्याचे काय?" आपण हिशेबच करू. ३० किलोमीटर अंतर ताशी ५० च्या वेगाने ३६ मिनिटांत कापता येते. ताशी ७५ च्या वेगाने २४ मिनिटे लागतात. वाचली किती? बारा मिनिटे! हॉटेलात गरम भाकरी ताटात येईपर्यंत याहून जास्त वेळ जातो. शिवाय वाटेत गावे, वळणे, गाई-म्हशी असतात. त्यामुळे ही बारा मिनिटेही पुरती हाती लागत नाहीत. उलट, वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. म्हणजे मिळवायचे थोडे आणि पणाला लावायचे सारे!

हिवाळ्यात तर अधिक सावध राहावे लागते. मराठवाड्यात पहाटे पारा पुष्कळ खाली उतरतो. धावत्या गाडीवर वारा लागून थंडी आणखी बोचते. हातमोजे नसतील, तर बोटे बधिर होतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. सकाळी धुके असते. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते. याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो. उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो. म्हणून ऊन वर आल्यावर निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी यावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे जेवणाच्या गप्पांत विसरू नये.

मग घोळक्याने जावे तरी कसे? अनुभवी माणूस सर्वांत पुढे असावा. दुसरा तितकाच अनुभवी माणूस सर्वांत मागे असावा. त्याच्या मागे कोणालाही राहू देऊ नये. नवशिक्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवावे, म्हणजे गटाचा वेग आपोआप त्याच्या बेताने राहतो. दोन गाड्यांत निदान दोन सेकंदांचे अंतर असावे. वळणावर एकामागून एक जावे. दौलताबादचा दरवाजा ओलांडला, की मोकळी जागा पाहून रस्त्याच्या कडेला थांबावे आणि मोजणी करावी. दहा निघाले होते ना? मग दहा झाल्यावरच पुढे निघावे.

काफिला हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. वाळवंटात मागे राहिलेला माणूस पाण्यावाचून एकटा पडे. म्हणून काफिला सर्वांना धरून चाले. पंढरपूरच्या वारीतली दिंडीही म्हाताऱ्या वारकऱ्यांना सांभाळून चालते. सोबत या शब्दाचा अर्थच हा आहे.

हॉटेलातही हाच नियम पाळावा. शेवटची खुर्ची भरल्याशिवाय कोणी जेवण मागवू नये. पिठले-भाकरी असो की नान-खलिया, थोडे थांबल्याने चव जात नाही. पोट तुडुंब भरून लगेच गाडीवर बसू नये. जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते. अर्धा तास सावलीत बसावे, चहा घ्यावा, मग निघावे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, "हे आम्हांला कशाला सांगता?" बरोबर आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय आणि परवाना हाती आल्याशिवाय तुम्ही मोटारसायकल चालवायची नाही. सन २०१९ मध्ये कायदा बदलला. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या एका तासाच्या हौसेपायी अब्बांना कोर्टाची पायरी चढावी लागावी, हे तुम्हांला आवडेल का?

पण मागे बसणाऱ्यालाही कर्तव्य असते. हेल्मेट त्यानेही घालायचे असते. एका गाडीवर तिघे बसत असतील, तर त्याने खाली उतरावे. आणि त्याला तोंड असते, ते त्याने वापरावे. "भाईजान, जरा हळू. मागचे दिसत नाहीत," एवढे म्हणायला लाजू नका. चालवणाऱ्याची नजर पुढे असते. मागे कोण राहिले, हे तुम्हीच पाहू शकता.

उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती गाडी येईल. तेव्हा अशा सहलीला जरूर जा. मात्र जेवायला बसण्यापूर्वी एकदा खुर्च्या मोजा. एखादी रिकामी असेल, तर घास तोंडात घालू नका. उठा आणि रस्त्यावर जाऊन त्या मित्राची वाट पाहा.